फ्रेंच टोस्ट

फ्रेंच टोस्ट : दूध व अंडी यांच्या मिश्रणात पावाचे काप भिजवून ते लोण्यावर किंवा तुपावर खरपूस भाजून केला जाणारा पदार्थ. तो बहुधा गोड असतो आणि न्याहारीला किंवा जेवणाच्या अखेरीस खातात. साखरेऐवजी मीठ-मिरपूड घालून केलेला प्रकारही रूढ आहे. कडक झालेला पाव पुन्हा खाण्याजोगा करणे हे त्याचे मूळ प्रयोजन होय. घरी हा पदार्थ साधतो की बिघडतो, हेही मुख्यत्वे पाव कोणत्या स्थितीत आहे यावर ठरते. अंडी, साखर व सुगंधी द्रव्ये यांचे महत्त्व त्यानंतरचे.

या पदार्थाच्या उगमाचा शोध बहुतेक लेखक ‘आपीसियस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन पाककृतिसंग्रहापर्यंत नेतात. आपीसियस हा रोमन सम्राट टायबीरियस याच्या काळातील प्रसिद्ध खवय्या होता; तथापि संग्रहाची भाषा उत्तरकालीन असल्याने त्याचे आजचे रूप सामान्यपणे इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांतील मानले जाते. त्याच्या सातव्या भागात घरगुती गोड पदार्थांमध्ये एक त्रोटक कृती आहे : उत्तम पांढऱ्या पावाचे वरचे कवच काढून मोठे तुकडे करावेत, ते दुधात भिजवावेत, तळावेत आणि वर मध ओतून वाढावेत. या कृतीत अंडे नाही. जोसेफ डॉमर्स व्हेलिंग यांच्या १९३६ च्या इंग्रजी भाषांतरात दुधापाठोपाठ ‘फेटलेली अंडी’ हे शब्द कंसात आढळतात. ते भाषांतरकाराने पूरक म्हणून घातलेले असून मूळ पाठात नाहीत. त्यामुळे रोमन पदार्थाला फ्रेंच टोस्टचा पूर्वज म्हणणे योग्य असले, तरी रोमन लोक अंड्यात भिजवलेला पाव तळत असत, हे विधान या उताऱ्याच्या आधारे करता येत नाही.

अंडे निश्चितपणे दिसते ते मध्ययुगाच्या उत्तरार्धातील यूरोपीय पाककृतींत. इटालियन आचारी मार्टिनो याच्या पंधराव्या शतकातील संग्रहात, साखर व गुलाबपाणी घातलेल्या फेटलेल्या अंड्यांत बुडवून तळलेले पावाचे काप आहेत. त्याच शतकातील, सुमारे १४३० च्या मानल्या जाणाऱ्या एका इंग्रजी हस्तलिखितातील कृती विशेष लक्षणीय आहे. तीत पिवळे बलक पांढऱ्यापासून वेगळे करून गाळून घेण्यास, त्यांत मीठ घालण्यास, पावाच्या गोल चकत्या त्यांत नीट भिजवून कढवलेल्या लोण्यात तळण्यास आणि त्या भांड्याला चिकटणार नाहीत याची काळजी घेण्यास सांगितले आहे. पुढे दिलेल्या विवेचनावरून दिसेल की, या पाच-सहा ओळींच्या सूचनांत आजच्या तंत्राचा मोठा भाग आधीच आलेला आहे. या इंग्रजी कृतीचे नाव मात्र फ्रेंच आहे : ‘पँ पर्द्यू’, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’. फ्रान्समध्ये हा पदार्थ आजही याच नावाने ओळखला जातो.

‘फ्रेंच टोस्ट’ या इंग्रजी नावाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील ऑल्बनी येथील जोसेफ फ्रेंच नावाच्या खानावळवाल्याने १७२४ मध्ये हा पदार्थ प्रचारात आणला आणि ‘फ्रेंचचा टोस्ट’ अशा अर्थाचे नाव लिहिताना इंग्रजीतील षष्ठीचे (मालकी दाखवणारे) चिन्ह गाळले, अशी कथा सांगितली जाते. ती स्वीकारता येत नाही. कारण रॉबर्ट मे या इंग्रज आचाऱ्याच्या १६६० च्या पाकग्रंथात हे नाव आढळते. तेथील पदार्थ मात्र वेगळा आहे : फ्रेंच पावाचे जाड काप जाळीवर भाजून ते मद्य, साखर व संत्र्याचा रस यांत मुरवलेले आहेत, अंडे नाही, तळणेही नाही. मे यांच्या कृतीची सुरुवातच ‘फ्रेंच पाव कापावा’ अशी असल्याने नावातील विशेषण आधी पावाला लागले आणि मग पदार्थाला चिकटले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. जर्मन भाषेत या पदार्थाला ‘गरीब सरदार’ अशा अर्थाचे नाव आहे. स्पेनमध्ये ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहात आणि पोर्तुगालमध्ये नाताळात त्याचे स्थानिक प्रकार केले जातात.

पाव शिळा होणे व पाव वाळणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांची गल्लत हे घरगुती अपयशाचे पहिले कारण आहे. पाव भट्टीत भाजला जाताना त्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची स्फटिकी रचना मोडते. पाव निवल्यावर पिष्टातील अमायलोपेक्टिन हा घटक हळूहळू पुन्हा स्फटिकरूप होतो आणि गर घट्ट लागू लागतो. हे घडण्यासाठी पाणी उडून जाण्याची गरज नसते. पिशवीत बंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि फ्रिजच्या तापमानाला तर हा बदल अधिकच वेगाने होतो. असा पाव हाताला कडक लागला, तरी तो पाण्याने भरलेलाच असतो. ताज्या पांढऱ्या पावात वजनाच्या सुमारे ३५ ते ४० टक्के पाणी असते. त्यातील काही बाहेर गेल्याखेरीज दुधाला आत जागा मिळत नाही. म्हणून काप जाळीवर रात्रभर उघडे ठेवावेत, किंवा १५०° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये, रंग येऊ न देता, सुमारे दहा मिनिटे वाळवावेत. कापांची जाडी २ सेंमी.च्या आसपास असावी. बाजारात मिळणारे पातळ काप भिजताच फाटतात.

अशा चार कापांना दोन अंडी व सुमारे २०० मिली. दूध पुरते. अंड्याचा जो उग्र वास अनेकांना नकोसा वाटतो, तो मुख्यतः पांढऱ्या बलकातील गंधकयुक्त प्रथिनांमुळे येतो. त्यामुळे एक पूर्ण अंडे व दोन पिवळे बलक घेतल्यास चव पुष्कळ सौम्य होते. पांढरा बलक नीट फेटला गेला नाही, तर त्याचे धागे कापाच्या पृष्ठभागावर राहून भाजताना पांढरे पट्टे उमटतात. मिश्रण गाळून घेतल्यास हा दोष टळतो. दालचिनीची पूड दुधावर तरंगते आणि पहिल्याच कापाला सगळी चिकटते. ती आधी साखर व बलक यांत कालवून मग दूध ओतावे. चिमूटभर मीठ घालावे. साखर एका चमच्यापेक्षा फार जास्त नसावी, कारण ती आतला भाग शिजण्यापूर्वी पृष्ठभाग काळा करते.

भिजवण्याचा काळ पावागणिक बदलतो. लोणी-अंडी घातलेल्या मऊ पावाला प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट पुरतो, तर घट्ट गराच्या पावाला दोन मिनिटेही लागतात. कापाच्या मध्यावर बोट दाबले असता तो स्पंजासारखा दबला पाहिजे आणि आत कोरडी गाठ जाणवता कामा नये. उचलल्यावर मात्र तो स्वतःचे वजन पेलू शकला पाहिजे.

भाजण्यात दोन तापमाने एकाच वेळी सांभाळावी लागतात. दूध व साखर यांनी विरळ झालेले अंडे सुमारे ८०° से.ला गोठते, पृष्ठभागावरील तांबूस रंग व खमंगपणा आणणाऱ्या अभिक्रियांना १४०° से.च्या वरचे तापमान लागते. आच मोठी ठेवली, तर बाहेरून करपलेला व आतून कच्चट टोस्ट मिळतो. फार मंद ठेवली, तर तो वाळून चिवट होतो. मध्यमाहून थोडी कमी आच आणि प्रत्येक बाजूस तीन ते चार मिनिटे, हे प्रमाण बहुतेक तव्यांना लागू पडते. लोण्यातील दुधाचा घन अंश लवकर काळा पडतो. तेल मिसळल्याने लोणी करपत नाही, ही समजूत बरोबर नाही. तो अंश तेलातही तसाच जळतो. लोणी कढवून व गाळून तो काढून टाकणे, हाच खरा उपाय होय. आणखी जाड काप दोन्ही बाजूंनी भाजल्यावर १८०° से.च्या ओव्हनमध्ये पाच ते आठ मिनिटे ठेवतात. मध्यभागी सुरीचे टोक खुपसून पाहिल्यास पातळ मिश्रण बाहेर येऊ नये.

तयार काप एकावर एक रचल्यास त्यांच्याच वाफेने त्यांची पापडी सादळते. पुढचे काप होईपर्यंत ते सुमारे १००° से.च्या ओव्हनमध्ये जाळीवर सुटे ठेवावेत, आणि मध किंवा पाक ताटात वाढल्यावरच घालावा.