इंग्रजी संभाषण-परीक्षक प्रशिक्षण

इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणे आणि तिचे गुण देणे यासाठी शिक्षकांना दिले जाणारे प्रशिक्षण. अशा परीक्षेत मोजपट्टी म्हणजे परीक्षकच. म्हणून दोन परीक्षकांकडे गेलेल्या एकाच परीक्षार्थीला सारखेच गुण पडावेत, यावर प्रशिक्षणाचा सारा भर असतो.

परीक्षकाची कामे दोन: बोलते करणे आणि जोखणे. केंब्रिजच्या बी२ फर्स्ट या मध्यम-वरच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेत ती वाटलेली असतात. दोन परीक्षार्थी, दोन परीक्षक, १४ मिनिटे. संवादक प्रश्न विचारतो आणि शेवटी एकच एकंदर गुण देतो. बाजूला बसलेला मूल्यमापक संभाषणात न पडता व्याकरण, उच्चार अशा प्रत्येक निकषाचे वेगळे गुण देतो. परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी दिल्या जाणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत एकाच परीक्षकाला ११ ते १४ मिनिटांत दोन्ही सांभाळावे लागते, शिवाय घड्याळही. तिच्या तोंडी परीक्षेच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटे असतात.

शिक्षकांना सर्वांत जड जाते ते शिकवण्याची सवय सोडणे. अडलेल्याचे वाक्य पुरे करणे, चूक दुरुस्त करणे, 'व्हेरी गुड' म्हणणे, प्रश्न सोपा करून सांगणे हे सगळे वर्गात योग्यच, परीक्षेत मात्र वर्ज्य. प्रश्नाचे शब्द बदलले की काठिण्य बदलते, आणि शाबासकी मिळाली की परीक्षार्थी तिचा अर्थ निकाल म्हणून लावतो. म्हणूनच ठरलेला मजकूर जसाच्या तसा, पण वाचल्यासारखा न वाटता म्हणण्याचा सराव जोडीजोडीने करून घेतात. आयईएलटीएसच्या तिसऱ्या भागात प्रश्न जागीच बेतावे लागतात. तिथे नवखा परीक्षक हमखास स्वतःच जास्त बोलतो.

गुणदानाचे प्रशिक्षण ध्वनिचित्रमुद्रित नमुन्यांवर चालते. आधी निकष आणि प्रत्येक श्रेणीचे वर्णन बारकाईने वाचायचे. मग नमुना ऐकून, कुणाशी न बोलता, गुण लिहायचे. नंतर ते अधिकृत गुणांशी ताडून फरकाचे कारण शोधायचे. चर्चा आधी झाली तर मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण सगळ्यांचे होतात.

समजा, परीक्षार्थी न अडखळता 'यस्टरडे आय गो टु मार्केट' असे बोलत राहिला. काळाची चूक व्याकरणात धरायची, ओघात नाही. एका निकषाचे मत बाकीच्यांवर सांडणे हा नेहमीचा दोष. दुसरा दोष म्हणजे भिडेखातर मधलेच गुण देणे. तिसरा सहसा लक्षात येत नाही: परीक्षार्थीची मातृभाषा परीक्षकाला येत असेल तर तिच्या वळणाचे उच्चार त्याला सहज कळतात आणि उच्चारांचे गुण फुगतात. पाठ केलेले उत्तर ओळखायलाही शिकवतात. ओघ एकदम वाढतो, आडवा प्रश्न टाकला की ढासळतो.

सातत्याने कडक असलेला परीक्षक निभावतो, कारण बहुपैलू राश विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने त्याचा कडकपणा मोजून गुण जुळवता येतात. सकाळी कडक आणि दुपारी सैल असणाऱ्याला मात्र कुठलेच गणित सावरू शकत नाही. प्रमाणपत्र म्हणूनच कायमचे नसते. आयईएलटीएसच्या परीक्षकांना दर २ वर्षांनी नव्याने प्रमाणित व्हावे लागते, आणि मधल्या काळात त्यांच्या मुद्रित मुलाखती तपासून मजकूर, वेळ आणि गुण यांबाबत लेखी अभिप्राय दिला जातो.