लाखेवरचं सोनं, आगीतला रंग

कोल्हापुरी साजात पानं २१. दशावतारांची १०, अष्टमंगलांची ८, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटी डोरलं, अशी ही जुनी मोजणी. एवढ्या भरगच्च दागिन्यात रंग मात्र दोनच, लाल आणि हिरवा, आणि तेही खड्यांचे. माझ्या आजीच्या साजातला लाल खडा झिजून मंद झाला होता, तरी आम्हा पोरींचा हात आधी तिथंच जायचा. आज कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीच्या आसपास, काही तरुण हात चांदीवर निळा, पिस्ता, हळदी, राणी असे रंग चढवून नवे दागिने घडवताहेत. ते बघताना जुना प्रश्न पुन्हा पडतो. जयपूरचं मिनाकाम देशभर गाजत असताना आपल्या साजात ते का शिरलं नाही?

मला त्याचं उत्तर लाखेत दिसतं. साजाचं पान म्हणजे ठशावर उठवलेला पातळ पत्रा. त्याच्या पोटात लाख भरायची, म्हणजे थोड्या सोन्यात दागिना भरीव दिसतो आणि चेपत नाही. शेतकऱ्याच्या घरात साज आला तो या युक्तीमुळे, आणि मला ती फार मोलाची वाटते. पण मिना म्हणजे काच. काचेची पूड धातूवर पसरून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवायची. लाख तर त्याच्या दहाव्या हिश्श्यातच पाघळते. ती नंतर भरायची म्हटलं, तरी एवढा पातळ पत्रा भट्टीत वाकतो आणि पत्रा वाकला की काच तडकते.

मिन्याला जाड धातू हवा, म्हणून हे काम दरबारांच्या आश्रयाने वाढलं. कला तशी फार जुनी. सायप्रसमध्ये इसवीसनापूर्वी तेराव्या शतकातल्या मिना भरलेल्या सोन्याच्या अंगठ्या सापडल्या आहेत. आपल्याकडे ‘मिना’ हा शब्द फारसीतून आला. आमेरच्या राजा मानसिंहाने (कारकीर्द १५८९ ते १६१४) लाहोरहून कारागीर आणून वसवले, असं जयपूरकडे सांगतात. तिथल्या दागिन्यात पुढे कुंदन आणि मागे, अंगाला लागणाऱ्या बाजूला, मिना. सगळ्यात देखणी बाजू फक्त घालणारीला ठाऊक!

रंग येतो धातूंच्या भस्मांतून. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा नाहीतर फिरोजी, कथिलाचा पांढरा. गुलाबी आणि माणकासारख्या लालसाठी खुद्द सोनंच काचेत उतरवावं लागतं. बनारसची गुलाबी मिना याच रंगासाठी नावाजली. जो रंग जास्त आच सोसतो तो आधी भाजायचा, नाजूक लाल सर्वांत शेवटी.

युरोपात हा रंग दागिन्याच्या मध्यभागी आला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात रने लालिक या फ्रेंच कारागिराच्या दागिन्यांनी लोकांना वेड लावलं. त्याच्या काही कामांत मिन्याच्या मागे धातूच नाही, उजेड रंगीत खिडकीतून यावा तसा आरपार येतो. मला मात्र ओस्लोच्या डेव्हिड-अँडरसन पेढीचं उदाहरण जवळचं वाटतं. १८७६ साली सुरू झालेल्या या पेढीने पुढे विसाव्या शतकात पानांच्या आकाराच्या चांदीच्या पिना केल्या. कोरलेल्या शिरांवर पारदर्शक रंग, बाकी काही नाही. एकही रत्न नाही.

चांदी म्हटली की आपली हुपरी. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांसाठी दूरवर ओळखलं जातं, आणि पैंजणावर रंग असतोच. पण पैंजणात डाक लावून, म्हणजे वितळणारा धातू ओतून, जोडलेले सांधे फार. भट्टीत ते सुटायची भीती असते. त्यामुळे बाजारात पुष्कळदा न भाजलेला, रेझिनचा रंग मिळतो. स्वस्त पैंजणाला तो चालतो, पण त्याला नुसतं ‘मिना’ म्हणून विकणं मला पटत नाही. मुलीसाठी घेतलेल्या पैंजणाचा मोर दोन महिन्यांत पांढरा पडला, तेव्हा हा फरक मला कळला. नखाने रंग खरवडता आला तर ती काच नव्हे.

कोल्हापूरला रंगाची नजर नवी नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) रंकाळा आणि कोटीतीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आता तीच नजर दागिन्यात आलेली दिसते.

ओळखीतली एक मुलगी चैत्र यात्रेतला जोतिबाचा गुलाल चांदीवर आणायच्या खटपटीत आहे. खलात वाटलेली पूड ती पाण्याने चार-पाच वेळा धुते, बारीक सळईने खोदलेल्या खळगीत भरते, टिपकागदाने पाणी शोषून घेते आणि भट्टीत सरकवते. दोन-तीन मिनिटांत पत्रा बाहेर येतो तेव्हा गुलाबी कुठंच नसतो. निवता निवता रंग उगवतो. पहिल्या पत्र्यावर तो पिवळट, मातकट आला, कारण सोन्यातून बनलेला गुलाबी थेट चांदीवर बिघडतो. दुसऱ्या खेपेला तिने खाली बिनरंगाच्या काचेचा थर आधी भाजून घेतला. तो पत्रा तिने खिडकीपाशी धरला, डोंगरावरून आणलेल्या गुलालाची पुडी शेजारी उघडली आणि म्हणाली, “अजून एक छटा कमी हाय.”