लिनक्स खेळसूची

लिनक्स खेळसूची : लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या खेळांची पडताळून केलेली नोंदवही आणि ती ठेवण्याची पद्धत. घरच्या व कचेरीतल्या संगणकांवर विंडोजचा पगडा असल्यामुळे खेळ बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या लिनक्सचा विचार शेवटी करतात, पुष्कळदा करतच नाहीत. त्यामुळे विंडोजच्या यादीत सहसा न येणारा प्रश्न इथे सर्वांत आधी येतो : खेळ चालतो का? चालत असेल तर कोणत्या आवृत्तीवर, कशाच्या आधाराने, आणि ते कोणी कधी पाहिले? निर्माता, प्रकार, साल या बाबी त्यानंतरच्या. कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला विचारला तर ‘चालतंय की!’ असे उत्तर येते. बोलण्यापुरते ते ठीक. सूचीत तेवढ्याने भागत नाही.

पूर्वपीठिका : लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, 1991 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीचे बरेच खेळ युनिक्सकडून वारशाने आले. पडद्यावर अक्षरे मांडून काढलेल्या भुयारांत हिंडण्याचा ‘रोग’ (1980) आणि त्याच घराण्यातला ‘नेटहॅक’ (1987) हे त्यांतले ठळक. ‘डूम’ विंडोजच्या आधीच्या डॉसवर 1993 मध्ये आला व पुढच्याच वर्षी लिनक्सवर पोहोचला. विकत घेण्याजोगे खेळ लिनक्सवर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने केला. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’पासून ‘सिमसिटी 3000’पर्यंत अनेक खेळांची लिनक्स रूपे डबाबंद विकली आणि 2002 च्या जानेवारीत ती बंद पडली. लोकीत असताना सॅम लँटिंगा यांनी वाढवलेली एसडीएल ही लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार संहितेचा संच) मात्र टिकली. पडदा, ध्वनी आणि कळफलक यांच्याशी खेळाची गाठ घालून देण्याचे काम ती करते, आणि आजही असंख्य खेळ तिच्यावर उभे आहेत.

खेळ नाहीसे होतात तशा सूच्याही नाहीशा होतात. ‘लिनक्स गेम टोम’ ही बहुपरिचित सूची 2013 मध्ये बंद झाली. 1997 पासून चालू असलेल्या ‘फ्रेशमीट’चे नाव 2011 मध्ये ‘फ्रीकोड’ झाले आणि 2014 मध्ये तिच्यात नवी भर घालणे थांबले. अनेक छोट्या खेळांची मूळ संहिता (सोर्स कोड) जिथे ठेवलेली असे, ती ‘गूगल कोड’ ही सेवा 2016 मध्ये मिटली. ज्या सूच्यांनी खेळाच्या नावापुढे केवळ दुवा दिला होता, त्यांच्या निम्म्याअर्ध्या ओळी मग पोकळ झाल्या. दुव्याच्या जोडीला आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, फाइलचे नेमके नाव आणि तिचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) लिहिण्याची शिस्त यातूनच आली. चेकसम हाताशी असला की तीच फाइल दुसऱ्या कुणाच्या हार्डडिस्कवर सापडली तरी ओळख पटते.

नोंदीतील बाबी : सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे पडताळणीची तारीख, आणि नेमकी तीच नवशिक्यांच्या सूचीत नसते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सांगताना कोल्हापूरकर ‘किती वाजताची?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही; 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे पाठ असले तरी वेळेविना आकड्याला अर्थ नसतो. ‘खेळ चालतो’ या वाक्याचेही तसेच आहे. लिनक्सवर खेळाच्या पायाखालच्या लायब्ररी बदलत राहतात. सी भाषेची जुनी लायब्ररी जाऊन नवी आली, ध्वनियंत्रणा ओएसएसकडून आल्साकडे, तिथून पल्सऑडिओ व पाइपवायरकडे गेली, आणि प्रत्येक वळणावर काही खेळ मुके झाले किंवा उघडेनासे झाले. उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने 2019 च्या जूनमध्ये 32 बिटी (जुन्या प्रोसेसरांसाठीची) पॅकेजे बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा जुन्या खेळांचा मोठा भाग एका फटक्यात गेला असता. ओरड झाल्यावर निवडक पॅकेजे ठेवण्यात आली. त्याच वर्षी मॅकवर मात्र ही सवलत मिळाली नाही, आणि तिथल्या सूच्यांत ‘आता चालत नाही’ अशा शेऱ्यांची रांग लागली.

पडताळणी करताना खेळ चित्रावर क्लिक करून न उघडता टर्मिनलमधून, म्हणजे अक्षरी आज्ञांच्या खिडकीतून, उघडावा, म्हणजे तो का रुसला ते अक्षरांत दिसते. ‘फाइल’ ही आज्ञा दिली की खेळ 32 बिटी आहे की 64 ते कळते. ‘एलडीडी’ दिली की त्याला लागणाऱ्या लायब्ररींची यादी येते, आणि जी सापडत नाही तिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असे उमटते. एसडीएलची 1.2 ही जुनी आवृत्ती तिथे पुष्कळदा दिसते. तिच्या जागी नव्या आवृत्तीवर चालणारा सुसंगतीचा थर बसवला की खेळ बहुधा सुरू होतो. असा उपाय केला असेल तर तोही नोंदवायचा. ‘चालतो’ आणि ‘इतके केल्यावर चालतो’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

एका खेळाची नोंद करताना किती धागे सुटतात ते ‘टक्स रेसर’वर पाहावे. पोटावर घसरत बर्फाळ डोंगर उतरणारा पेंग्विन हा त्याचा नायक. 2000 मध्ये हा खेळ मुक्त परवान्याखाली (कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा) आला. पुढे कर्त्यांनी त्याची विकाऊ आवृत्ती काढली आणि मुक्त शाखा 0.61 वर थांबली. ती इतरांनी उचलली. ‘ओपनरेसर’, मग ‘प्लॅनेटपेंग्विन रेसर’, मग ‘एक्स्ट्रीम टक्स रेसर’ अशी नावे बदलत ती आजवर आली आहे. डोंगर तोच, पेंग्विन तोच. सूचीकाराने नोंद एक करावी की चार? नावाप्रमाणे चार केल्या तर शोधणारा गोंधळतो, एक केली तर विकाऊ आवृत्ती व मुक्त आवृत्ती यांचे परवाने एकमेकांत मिसळतात. सोयीचा मार्ग म्हणजे मूळ खेळाची एक नोंद, तिच्याखाली प्रत्येक शाखेची पोटनोंद, आणि सगळ्या जुन्या नावांवरून तिकडे बोट दाखवणाऱ्या ओळी. ग्रंथालयात ‘पाहा’ नोंदी करतात त्या याच.

चालण्याच्या पायऱ्या : थेट लिनक्ससाठी बांधलेला खेळ ही पहिली पायरी. दुसरी पायरी ‘वाईन’ची. विंडोजच्या प्रोग्रॅमला हवे ते लिनक्सकडून पुरवणारे हे सॉफ्टवेअर 1993 मध्ये सुरू झाले आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडले. त्याच पायावर व्हॉल्व कंपनीने 2018 च्या ऑगस्टमध्ये ‘प्रोटॉन’ आणले आणि चित्रच पालटले. विंडोजचे हजारो खेळ काही न करता लिनक्सवर उघडू लागले, आणि 2022 मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र तर लिनक्सवरच चालते. वापरणाऱ्यांचे अनुभव गोळा करणारी ‘प्रोटॉनडीबी’ ही सूची खेळांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा पायऱ्या देते. अजिबात न चालणाऱ्याला ‘बोर्क्ड’ म्हणते.

ही पदके दिसायला छान आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. प्रोटॉनमध्ये विंडोजच्या चित्र-आज्ञा व्हल्कन या ग्राफिक्सच्या आज्ञापद्धतीत रूपांतरित होतात, आणि ते काम करणाऱ्या डीएक्सव्हीके या घटकाला 2.0 आवृत्तीपासून व्हल्कन 1.3 लागते. पेठेतल्या दुकानात दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात ते पुष्कळदा नसते. महागड्या ग्राफिक्स कार्डावर मिळालेले प्लॅटिनम त्या संगणकापुरते खोटे ठरते. कॉलेजच्या लॅबसाठी सूची करायची तर प्रत्येक नोंदीत चाचणीचा प्रोसेसर, ग्राफिक्स आणि ड्रायव्हर लिहिण्याला पर्याय नाही.

कधी अडचण तांत्रिक नसतेच. फसवणूक रोखणारी ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ ही सॉफ्टवेअरे 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण तशी परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक खेळाचा मालक ठरवतो. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर चालत होता. 2024 मध्ये मालकांनी ती वाट बंद केली. पेठापेठांतून फुटबॉल जगणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकाला याची झळ लवकर बसते. तो सूची उघडून आधी फुटबॉल शोधणार, आणि नेमका तोच कप्पा रोडका आहे. मुक्त खेळांत दमदार फुटबॉल नाही म्हटले तरी चालेल, आणि ईए कंपनीचे अलीकडचे फुटबॉल तिच्या स्वतःच्या अँटी-चीटमुळे लिनक्सवर अडतात. मोटारींनी फुटबॉल खेळायचा ‘रॉकेट लीग’ 2016 मध्ये थेट लिनक्सवर आला होता. 2020 च्या मार्चमध्ये त्याचा आधार काढून घेतला गेला. या नोंदी खोडायच्या नसतात. कधीपासून कधीपर्यंत चालला हे लिहून त्या ठेवायच्या असतात.

परवाना : खेळाची यंत्रणा आणि त्यातली चित्रे, आवाज, पातळ्या यांचा परवाना वेगवेगळा असू शकतो. ‘डूम’ची संहिता 1997 च्या डिसेंबरात खुली झाली, पण त्यातली राक्षसांची चित्रे व नकाशे विकतचेच राहिले. ती उणीव ‘फ्रीडूम’ या प्रकल्पाने मुक्त सामग्री देऊन भरून काढली. डेबियन या लिनक्सच्या वितरणात हा भेद कप्प्यांतच दिसतो : पूर्ण मुक्त ते ‘मेन’मध्ये, स्वतः मुक्त पण अमुक्त गोष्टीवर अवलंबून असलेले ‘कॉन्ट्रिब’मध्ये, उरलेले ‘नॉन-फ्री’मध्ये. शाळेत वाटण्यासाठी खेळ निवडणाऱ्याने हा रकाना आधी वाचावा. लहान मुलांचा ‘जीकॉम्प्री’ किंवा ‘टक्स पेंट’ पेनड्राइव्हवर भरून कितीही जणांना देता येतो; विकत घेतलेला खेळ तसा देता येत नाही.

कोल्हापुरातील संदर्भ : हे काम करायला लागणारे शास्त्र शहराला परके नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून ग्रंथ जपत आहे आणि शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवले जाते. ड्यूई वर्गीकरणात संगणक-खेळांना 794.8 हा अंक आहे. ग्रंथालयांच्या मार्क या संगणकी नोंदींच्या नमुन्यात 538 हे क्षेत्र यंत्रणेच्या तपशिलासाठीच राखलेले आहे. ‘लिनक्स, 32 बिटी, एसडीएल 1.2’ असे लिहायची जागा ती. अनेक ग्रंथालयांत वापरले जाणारे ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर स्वतः लिनक्सवर चालते, त्यामुळे वेगळी यंत्रणा उभी करण्याचे कारण नाही. अडते ते एका ठिकाणी. पुस्तकाला आत शीर्षकपृष्ठ असते आणि नाव तिथून घेतात. खेळाचे नाव सुरुवातीच्या पडद्यावर एक, पॅकेजचे दुसरे आणि फोल्डरचे तिसरेच असते. पडद्यावरचे नाव मुख्य धरून बाकीची पर्यायी म्हणून लिहावीत.

जुने खेळ अजून सीडींवर सापडतात. संगणक-मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आणि उबुंटूने 2011 पर्यंत टपालाने फुकट पाठवलेल्या तबकड्या भारतभर पोहोचल्या होत्या. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर दमट हवेत खराब होतो, आणि कोल्हापूरचा पावसाळा लांबलचक असतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत तर शाहूपुरीसारख्या भागांत घरांतच पाणी शिरले. म्हणून तबकडी हाती आली की आधी तिची प्रतिमा (तबकडीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत) काढून चेकसम नोंदवावा, चालते की नाही ते नंतर पाहावे.

मराठी वापरणाऱ्यासाठी दोन रकाने जादा लागतात. पहिला कळफलकाचा. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची कळमांडणी चालू असताना डब्ल्यू, ए, एस, डी या चालण्याच्या कळांवर ऐकाराची मात्रा, ओकार, एकार आणि हलन्त येतात. कळेची जागा वाचणारा खेळ त्याने अडत नाही. कळेवरचे अक्षर वाचणाऱ्या खेळातला गडी जागचा हलत नाही, आणि खेळच बिघडला असा समज होतो. दुसरा रकाना देवनागरीचा. जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा नसलेल्या जुन्या खेळांत खेळाडूचे नाव मराठीत लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘क्ष’चे तुकडे होतात.

मराठी नावांनी सूची लावताना क्रमही तपासून घ्यावा. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो, मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर आहेत. संगणकाची भाषा मराठी ठेवून क्रम लावला तर स्प्रेडशीट सहसा बरोबर मांडते, नाहीतर ‘क्षेपणास्त्र’ शोधणारा शेवटच्या पानावर जातो आणि नोंद नाही असे समजून परततो.