घरी पेशंट सांभाळणाऱ्यांचे कंबर-सांध्यांचे त्रास आणि ते टाळणं

अंथरुणाला खिळलेल्या किंवा आधाराशिवाय हलता न येणाऱ्या माणसाचं सगळं करणाऱ्या घरच्यांना कंबर, मान, खांदे, मनगटं, गुडघे यांचे जे त्रास होतात ते होऊच नयेत म्हणून घ्यायची काळजी. ही माणसं स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलतच नाहीत, पेशंटसमोर आपलं काय घेऊन बसायचं असं वाटतं, आणि मग एक दिवस कंबर धरते तेव्हा दोघांचेही हाल होतात.

उसण भरते ती बहुतेक वेळा नुसत्या वजनाने नाही, तर वाकलेलं असतानाच कमरेतून वळल्यामुळे, कारण तेव्हा मणक्यांमधल्या चकत्यांवर सगळ्यात वाईट ताण येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दुखापतींवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना सुद्धा हाताने उचलायची मर्यादा २३ किलो धरलीय, आणि पेशंटच्या बाबतीत २००७ मध्ये ती साधारण १६ किलो सुचवली गेली, कारण माणूस काही खोक्यासारखा स्थिर नसतो, मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारतो. म्हणजे मोठ्या माणसाला एकट्याने उचलणं हे मुळातच चुकीचं आहे, ताकद असो वा नसो.

म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं. पेशंटला उशीकडे वर सरकवायला घसरती चादर (स्लाइड शीट) मिळते, ती दोघांनी दोन बाजूंनी धरायची. बसवताना आधी गुडघे दुमडून कुशीवर वळवायचं, मग पाय कॉटच्या खाली सोडायचे आणि त्याच वेळी खांद्याला आधार देऊन उठवायचं, पायांच्या वजनानेच निम्मं काम होतं. काखेत हात घालून ओढू नका, पेशंटचा खांदा निखळू शकतो, विशेषतः पॅरालिसिसच्या बाजूचा. व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या, म्हणजे ताकद असलेल्या बाजूला, कॉटला अगदी लागून, ब्रेक लावूनच. आणि पेशंटला जेवढं जमतंय तेवढं त्याला करू द्या, "एक दोन तीन" म्हणून सोबत जोर लावायला सांगा, उरकायच्या घाईत आपण त्याच्या वाटचं पण करतो आणि दोघांचंही नुकसान होतं.

कॉटची उंची आपल्या कमरेएवढी हवी, हे एकच केलं तरी स्पंजिंग आणि डायपर बदलताना खूप फरक पडतो. कमरेच्या पट्ट्याने दुखापत टळते असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

कंबरदुखीसोबत पायात ताकद कमी झाली, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर बाम चोळत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला जा.