काकडीचं बी घेताना फूल विचारा

काकडीचा वेल जाळीवर चढतो, पिवळी फुलं येतात, रोज उमलतात, रोज गळतात, आणि काकडी एकही धरत नाही. मग कुणी ताक फवारतं, कुणी खताची मूठ वाढवतं. बहुतेक वेळा वेलाला काहीही झालेलं नसतं. साध्या जातींत पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, आणि नर फूल दिवसभर उमलून गळणारच. मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही. नर फुलाचा देठ बारीक, सरळ असतो. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, लवदार काकडी आधीपासूनच असते.

हे नर-मादी प्रकरण जातीगणिक बदलतं. म्हणून पाकिटावरच्या फोटोपेक्षा हा वेल फुलतो कसा, हे आधी विचारावं.

घरच्या बागेसाठी तीन गट पुरेत. पहिला साध्या जातींचा. पूना खिरा आखूड, फिकट हिरवी. पिकली की सालीला बटाट्यासारखा तपकिरी रंग येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी पांढरट, फुले शुभांगी हिरवी. दापोलीची शीतल जास्त पावसासाठी आहे, त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्यात तिचा विचार करावा. या सगळ्यांना मधमाशी लागते. दुसरा गट बहुतांश मादी फुलांच्या संकरित जातींचा. फळं भरपूर, पण पराग आणायचा कुठून? म्हणून अशा पाकिटात काही बिया साध्या जातीच्या मिसळलेल्या असतात, कधी वेगळ्या रंगात बुडवलेल्या. त्या ‘वेगळ्या दिसतात’ म्हणून फेकल्या की घोटाळा झालाच. तिसरा गट परागीकरणाशिवाय फळ धरणारा: पॉलीहाऊसमधली लांब इंग्लिश काकडी आणि वीतभर लांबीच्या गुळगुळीत सालीच्या छोट्या काकड्या. माशा फिरकत नाहीत अशा उंच गच्चीवर किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीत हाच गट घ्यावा. बी महाग असतं, पण वसूल होतं. लिंबासारखी गोल पिवळी काकडी हौसेला ठीक. तिच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग सापडतात. आणि उत्तरेकडची लांब, वाकडी, लवदार ककडी ही खरी काकडी नव्हेच, ती खरबुजाच्या जातकुळीतली. उन्हाळा तिला जास्त मानवतो.

फुलं नर होणार की मादी, यात ऋतूचा मोठा हात असतो. दिवस लांब आणि उष्णता जास्त असली की नर फुलं वाढतात. रात्री गार असल्या की मादी. वेलाच्या आतल्या वाढीच्या संजीवकांपैकी इथिलीन वाढलं तर मादी, जिबरेलिन वाढलं तर नर. द्राक्षाचे मणी लांबवायला आणि फुगवायला नाशिकचे बागायतदार जे ‘जीए’ वापरतात, तेच हे जिबरेलिन. उरलेलं द्रावण ‘टॉनिक’ म्हणून काकडीवर मारू नका. बीजोत्पादक मात्र नेमकं हेच करतात: निव्वळ मादी फुलांच्या वेलावर जीए फवारून मुद्दाम नर फुलं काढून घेतात, नाहीतर त्या जातीचं बी पुढे चालणारच नाही.

म्हणून नाशकात उन्हाळी पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकावी. बी पडल्यापासून ४० ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते, म्हणजे एप्रिलचा कडाका येईपर्यंत बरीच फळं हाती लागतात. दुसरी पेरणी जून-जुलैत. नोव्हेंबरच्या मध्यापासून दोन महिने मात्र बी वाया घालवू नये. माती १५ अंशांखाली गेली की बी उगवायच्या ऐवजी कुजतं. २५ ते ३० अंशांत तेच चार-पाच दिवसांत वर येतं. डिसेंबरात निफाडचा पारा कुठे जातो, ते पेपरात दरवर्षी वाचतोच आपण.

एका वेलाला किमान २० लिटरची पिशवी किंवा बादली लागते, तळाला चार-पाच भोकं पाडलेली. नाशिकची काळी माती एकटी भरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि काकडीची उथळ, नाजूक मुळं त्यात गुदमरतात. काळी माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, वर निंबोळी पेंडीची एक मूठ. बी दीड ते दोन सेंटिमीटर खोल, शक्यतो जागेवरच लावा, कारण पुनर्लागवडीत मुळं दुखावली तर वेल आठवडाभर रुसतो. जमिनीत लावायचं तर दोन वेलांत दीड-दोन फूट अंतर आणि पाच-सहा फूट उंच जाळी.

यूट्यूबवर गाजलेलं ‘थ्रीजी कटिंग’, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्या मिळवायला शेंडे खुडत जाणं, साध्या जातींत उपयोगी आहे, कारण त्यांच्या बगलफुटींवर (पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्यांवर) मादी फुलं जास्त येतात. शेंडा खुडला की बगलफुटी निघतात. तिसऱ्या गटात तेच केलं तर नुकसान. तिथे मुख्य खोडावर प्रत्येक पेऱ्याला फळ असतं. एकच खोड वर न्यावं, खालच्या पाच-सहा पेऱ्यांवरची फुलं काढून टाकावीत, म्हणजे वेल आधी अंगानं भरतो.

मधमाशी येत नसेल तर तिचं काम हातानं करावं लागतं. वेळ सकाळी सात ते दहा. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तीन फाकी कुक्षीवर (पराग धरणाऱ्या टोकावर) हलकेच सगळीकडे फिरवा. एक नर दोन-तीन मादींना पुरतो. ‘सगळीकडे’ याला अर्थ आहे: पराग एकाच बाजूला लागला तर त्याच बाजूला बी धरतं, गर तिथेच भरतो आणि काकडी कोयत्यासारखी वाकते. तिसऱ्या गटात उलटा प्रकार. माशीनं शेजारच्या साध्या वेलाचा पराग आणला, तर फळात बी भरतं आणि टोक फुगतं. हे दोन गट शेजारी लावू नयेत.

कडूपणाचा दोष शेजारच्या कारल्याला देण्याची पद्धत आहे. कारल्याचा पराग काकडीला चालतच नाही. काकडीची गुणसूत्रं १४, खरबुजाची २४, त्यामुळे इतका जवळचा नातलगसुद्धा तिच्याशी जुळत नाही. कडू लागतं ते कुकुर्बिटासिन. ते वेल स्वतःच बनवतो, आणि ऊन-पाण्याचा ताण पडला की जास्त. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बदाबदा पाणी, हे सगळ्यात वाईट. मार्च-एप्रिलात २० लिटरच्या पिशवीला रोज दोन-तीन लिटर, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं. तासाला २ लिटरच्या एका ड्रिपरनं सकाळी अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी तेवढंच. कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो, म्हणून टोक चोळून फेस काढत बसण्यापेक्षा देठाकडचा दोन सेंटिमीटरचा तुकडा टाकून द्यावा. त्यानंतरही जहर कडू लागली तर खाऊ नये.

भुरी (पानांवर पांढरी भुकटी) आणि केवडा ही पानांवरच्या रोगांची नावं द्राक्षवाल्या नाशिककराला समजावून सांगायला नकोत. फक्त द्राक्षाची भुरी काकडीवर येत नाही आणि काकडीची द्राक्षावर जात नाही. दोघींच्या बुरशा वेगळ्या. पण म्हणून घरातलं द्राक्षाचं गंधक काकडीवर मारलंत, तर उन्हाळ्यात पानं करपतील. सुरुवातीच्या भुरीला एक भाग दूध, नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा फवारून पाहावं. केवड्याचे पिवळे डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोनदार दिसतात. ती पानं लगेच काढा आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारणं थांबवा.

कोवळी फळं वाकडी होऊन सडत असतील तर चिरून बघा. आत अळ्या असतील तर फळमाशी. सापळा घेताना क्यू ल्यूर (नर माश्यांना ओढणारं गंधद्रव्य) असलेलाच मागा. आंब्या-पेरूसाठी विकतात ते मिथाइल युजेनॉल या माशीला ओढत नाही. किडलेली फळं खतात टाकू नयेत, अळ्या मातीत कोष करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.

तोडणी एक दिवसाआड. बी धरायचं असेल तेव्हाच एखादं फळ वेलावर पिकू द्यावं, कारण ते पिकायला लागलं की पुढची फुलं धरणं मंदावतं. बी फक्त साध्या जातींचं धरावं. संकरित बियाण्यातून पुढे काय निघेल याचा नेम नाही. जात शुद्ध राहायला हवी असेल तर उद्या उमलणारी मादी आणि नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं हलकी बांधा, सकाळी सोडून हातानं पराग लावा, आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत धागा लावा. पूना खिरा पूर्ण तपकिरी झाली की बी गरासकट बरणीत दोन दिवस आंबवा, तरंगणारं पोचट बी ओतून द्या, तळाचं धुऊन सावलीत वाळवा.