आरोग्य पथकाने एकत्र का शिकावे

कोकणातील एखाद्या वाडीत एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या आजींचे उदाहरण घेऊ. गणपतीला आलेला मुलगा मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवून जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही तेच औषध, म्हणजे ॲम्लोडिपिन, वेगळ्या वेष्टनात मिळत असते आणि आजी दोन्ही गोळ्या नेमाने घेतात. या औषधाची मात्रा वाढली की घोट्यांवर सूज येऊ शकते. मुंबईच्या गोळ्यांचा डबा आशाताईंनी पाहिलेला असतो, केंद्रातून काय दिले जाते हे औषधनिर्माण अधिकाऱ्यांना माहीत असते, सूज समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या लक्षात येते आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर येतो तो फक्त रक्तदाबाचा आकडा. योग्य निष्कर्षासाठी लागणारी सगळी माहिती पथकात असूनही ती एका जागी येत नाही, आणि मग सुजेवर म्हणून लघवी वाढवणारी आणखी एक गोळी सुरू होण्याची शक्यता निर्माण होते.

यात कोणाचा हलगर्जीपणा शोधण्यापेक्षा माणसांचे गट माहिती कशी हाताळतात हे पाहणे उपयोगाचे आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना काल्पनिक उमेदवारांमधून विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचा होता. सर्वोत्तम उमेदवाराचे गुण चौघांत विखरून दिलेले होते. चौघांनी आपापली माहिती मांडली असती, तर योग्य निवड सहज झाली असती. प्रत्यक्षात चर्चा फिरत राहिली ती सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवती, आणि एकेकट्याकडची माहिती बहुतेक वेळा मांडलीच गेली नाही. त्या प्रयोगातील विद्यार्थी तरी बरोबरीचे होते. आरोग्य केंद्रात याच्या जोडीला पदांची उतरंड असते, आणि माझ्या मते तीच मोठी अडचण आहे, कारण घराच्या उंबऱ्याआतली माहिती जिच्याकडे सर्वाधिक असते, त्या आशाताईंचे स्थान या उतरंडीत सर्वांत खालचे आहे.

आंतरव्यावसायिक शिक्षणाची कल्पना येथे उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याचा आराखडा मांडला: दोन किंवा अधिक व्यवसायांतील व्यक्तींनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे, जेणेकरून रुग्णसेवा सुधारेल. एकाच सभागृहात बसून एकच व्याख्यान ऐकले, तर ही अट पूर्ण होत नाही. स्वीडनमधील लिंशॉपिंग विद्यापीठाने १९८६ पासून वैद्यक, परिचर्या आणि इतर शाखांचे विद्यार्थी काही काळ एकत्र शिकवायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये असा प्रशिक्षण कक्ष उघडला, जिथे हे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांची जबाबदारी मिळून घेतात.

याचे पुरावे आशादायक असले, तरी निर्णायक नाहीत. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे आधी झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, निकषांत बसणारे १५ अभ्यास सापडले. त्यांपैकी सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र परिणाम दिसला आणि चारांत काहीच फरक आढळला नाही. असे प्रशिक्षण मोजायचे कसे, हाही अवघड प्रश्न आहे. संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात ज्या रुग्णकक्षांतील पथके अधिक चांगली होती, तेथेच औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली, आणि त्याचे संभाव्य स्पष्टीकरण असे की तेथे चूक सांगण्याची भीती कमी होती. म्हणून प्रशिक्षणानंतर नोंदवलेल्या चुका वाढल्या, तर तेवढ्यावरून ते फसले असे मानता येत नाही.

कोकणासाठी ही चर्चा दूरची नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीच्या टप्प्यातच महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता, आणि ठरलेली औषधयोजना, अखंड औषधपुरवठा यांबरोबर कामाची पथकात वाटणी हा त्याचा एक आधार होता. काम वाटून घेणे आणि एकत्र शिकणे यांत मात्र अंतर आहे. आशा, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांची प्रशिक्षणे मुख्यतः आपापल्या संवर्गापुरती होत असतील, तर प्रत्येकाला स्वतःचे काम चांगले कळते, पण शेजारच्याला काय दिसते हे कळत नाही.

यासाठी वेगळी इमारत लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत आकडेवारी झाल्यावर एक तास एकाच कुटुंबाला द्यावा, रुग्णाची संमती घेऊन आणि त्याचे नाव गुप्त ठेवून. आशाताईंनी आधी बोलावे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्वांत शेवटी, कारण वरिष्ठांचे मत आधी आले की इतरांचे निरीक्षण त्या मताकडे झुकते. पावसाळ्यापूर्वीचा विषय तर ठरलेलाच असावा: लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून चिखलात आलेले जंतू पायांच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात, सुरुवातीचा ताप इतर तापांसारखाच दिसतो, आणि उपचारांना उशीर झाला, तर मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. रुग्ण भातलावणीला गेला होता का, हे वाडीत फिरणाऱ्या आरोग्य सेवकाला कळते. तपासणीसाठी रक्त तापाच्या कोणत्या दिवशी घेतले तर निकालाचा अर्थ काय होतो, हे प्रयोगशाळा तंत्रज्ञ सांगू शकतात. आणि गुरांबद्दल बोलायला पशुवैद्यकांनाही त्या तासाला बोलावणे मला आवश्यक वाटते.

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आहेच. त्या घरी जाताना परिचर्येची विद्यार्थिनी आणि त्या वाडीच्या आशाताई सोबत असाव्यात, आणि परतल्यावर तिघांनी मिळून एकच टिपण लिहावे, एवढा बदल महाविद्यालयांना आपल्या पातळीवर सुरू करता येईल.