इंदूरची खाच ते पुसदचं नाडेप टाकं

आपल्याकडच्या कंपोस्टच्या इतिहासाच्या मुळाशी शेणाची टंचाई आहे. गोठ्यातलं बरंचसं शेण गोवऱ्यांत जायचं. उरलेलं उकिरड्यावर पडे, उन्हात वाळे आणि पावसात त्याचा कस वाहून जाई. त्याच वेळी पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं बांधावर जाळली जात. थोडक्या शेणात हा काडीकचरा कुजवायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

1924 मध्ये इंदूरला सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी तो प्रश्न हाती घेतला. रसायनाची बाजू यशवंत वाड सांभाळत. 1931 मध्ये दोघांनी मिळून त्यातून निघालेली इंदूर पद्धत पुस्तकात मांडली. कापसाच्या टणक पऱ्हाट्या आधी शेतरस्त्यांवर पसरत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. मग हा कचरा जनावरांखाली अंथरायचा. मूत मुरलेला हा कचरा, शेण, गोठ्यातली मुतट माती आणि लाकडाची राख यांचे थर सुमारे 2 फूट खोल खाचेत द्यायचे. राख आंबटपणा मारते. मूत आणि मुतट माती नत्र पुरवतात, आणि शेणाची बचत होते ती इथेच. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. मात्र तेवढ्या काळात ढीग तीनदा उलथावा लागे. संस्थेत मजूर होते. एकट्या शेतकऱ्याला ते कुठून परवडणार?

ही उलथापालथ वाचवली पुसदच्या (जि. यवतमाळ) नारायण देवराव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडलं. युक्ती साधी आहे: ढीग हलवायचा नाही, हवाच आत येऊ द्यायची. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या थरात दर दोन विटांनंतर सुमारे 7 इंचांचं भोक सोडायचं. आतून शेणमातीने सारवून घ्यायचं. मग 6 इंच काडीकचरा (सुमारे 100 किलो), त्यावर 125 ते 150 लिटर पाण्यात कालवलेलं 4 किलो शेण, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली माती. असे 11-12 थर एक-दोन दिवसांतच पुरे करायचे. भरणी रेंगाळली तर खालचं आधीच तापून खचतं आणि कुजणं एकसारखं होत नाही. टाक्याच्या वर दीडेक फूट झोपडीसारखा उतार देऊन मातीने लिंपायचं. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपायचं. पुढे भेगा शेणाने बुजवत राहायचं आणि भोकांतून पाणी शिंपडायचं. टाकं फसतं ते बहुतेक वेळा इथेच: ओल गेली की कुजणं थांबतं आणि चार महिन्यांनी काडी काडीच राहते.

तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. अर्धवट कुजलेलं घातलं तर दोन त्रास होतात. त्यातल्या काड्या कुजवायला जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात, त्यामुळे रोपं पिवळी पडतात. शिवाय कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) शेतात शिरते, ती वेगळीच.

गच्चीवर दीड टन कचरा कुणाकडे असणार? तिथे बाजूंना भोकं पाडलेला ड्रम हेच छोटं नाडेप. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या एका भागाला सुक्या पाल्याचे दोन ते तीन भाग, आणि दर थरावर मूठभर जुनं खत किंवा माती. घरच्या ड्रममध्ये सुका पालाच कमी पडतो. म्हणून पानगळीत पोतं-दोन पोती भरून ठेवावीत. नाक खुपसलं की दोष कळतो. झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, पाला वाढवा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. उकरून सुका पाला मिसळा. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये.